हिरव्यावरचा पांढरा थर

पावसाळ्यात सह्याद्रीत काढलेली छायाचित्रे पाहताना माझे लक्ष सर्वांत आधी हिरव्या रंगाकडे जाते. ताम्हिणी असो, माळशेज असो किंवा आंबोली, श्रावणात तिकडून आलेल्या बहुतेक छायाचित्रांत एकच हिरवा भरलेला असतो. डोंगरउतारावरच्या गवताला तोच, भाताच्या खाचराला तोच आणि कड्यावरच्या शेवाळालाही तोच. प्रत्यक्षात नुकतीच लावणी झालेल्या खाचरात पोपटी रोपांच्या मधून पाण्यात उतरलेले आभाळ दिसत असते, त्यामुळे तिथल्या हिरव्यात थोडा करडेपणा असतो. महिन्याभराने रोपांना फुटवे येऊन पाणी झाकले गेले की तेच खाचर दाट आणि किंचित निळसर दिसू लागते. बांधावरच्या आंब्याची जुनी पाने काळपट हिरवी असतात, आणि त्याच्याच पलीकडे कातळावरचे शेवाळ पिवळ्याकडे झुकलेले असते. हे सगळे वेगळेपण डोळ्यांना दिसते, म्हणून तर माणूस गाडी बाजूला लावून कॅमेरा काढतो. घरी येऊन पाहावे तर चित्र फिके आलेले असते. मग एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाची तीव्रता वाढवणारा, स्लायडर उजवीकडे सरकतो आणि जे वेगळेपण थोडेफार उरले होते तेही एका भडक हिरव्यात बुडून जाते.

फिकेपणा हा रंग कमी पडल्यामुळे येतो, असे आपण गृहीत धरतो. माझा अनुभव वेगळा आहे. उघड्यावर काढलेल्या छायाचित्रात रंग बहुधा पुरेसा आलेलाच असतो, पण त्याच्यावर कशाचा तरी पांढरा थर बसलेला असतो. कधी ती पानांवरची चकाकी असते, कधी हवेतले बाष्प, तर कधी गरजेपेक्षा जास्त दिलेले एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश. हा थर शक्य तितका जागेवरच काढावा, राहिलेला एडिटिंगमध्ये काढावा, आणि एवढे झाल्यावरच रंग वाढवण्याची खरोखर गरज आहे का ते पाहावे. गेली काही वर्षे मी याच क्रमाने काम करते आहे, आणि त्या शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळ फारच क्वचित येते.

ओल्या पानाकडे जवळून पाहिले की हा थर म्हणजे काय ते नीट समजते. पानावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग आत शिरतो. तिथले हरितद्रव्य त्यातला बराचसा लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते आणि जो प्रकाश बाहेर येतो तो हिरवा असतो. उरलेला भाग मात्र आत शिरतच नाही. पानाच्या गुळगुळीत, मेणचट पृष्ठभागावरून आणि त्यावर साचलेल्या पाण्यावरून तो तसाच परततो. या परतलेल्या प्रकाशाला पानाचा रंग नसतो, तो आभाळाचा रंग घेऊन येतो, आणि श्रावणात आभाळ पांढरे असते. केळीच्या रुंद पानावर ही चकाकी वेगळी ओळखू येते, पानाच्या एका अंगाला पांढरा पट्टा आणि दुसऱ्या अंगाला खरा हिरवा असे दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. भाताच्या खाचरात मात्र असंख्य बारीक पाती असतात. प्रत्येकीवरची चकाकी सुटी दिसत नाही, ती सगळ्या खाचराच्या रंगातच कालवली जाते आणि आपण म्हणतो की हिरवा फिका आला.

सुदैवाने ही चकाकी बऱ्याच अंशी ध्रुवीभूत असते, म्हणजे तिच्यातल्या प्रकाशलहरींचे आंदोलन मुख्यतः एकाच दिशेने होत असते, आणि पोलरायझर फिल्टर फिरवून ती अडवता येते. लेन्सवर बसवलेल्या या फिल्टरची कडी हळूहळू फिरवत गेले की एका ठिकाणी पानांवरचे पांढरे निघून जाते आणि खालचा हिरवा समोर येतो. हा परिणाम एडिटिंगमध्ये मिळवता येत नाही, कारण चकाकीने जिथे पानाचा रंग पुसून टाकलेला असतो तिथे नंतर उचलून आणण्यासारखे फाइलमध्ये काहीच नसते. पोलरायझर फक्त निळे आभाळ गडद करण्यासाठी असतो, असा समज रूढ आहे आणि म्हणून ढगाळ दिवशी अनेक जण तो बॅगेतच ठेवतात. माझ्या मते त्याची सर्वाधिक गरज ढगाळ दिवशीच असते. निळ्या आभाळावर तो सूर्यापासून 90 अंशांच्या कोनात सर्वाधिक परिणाम करतो आणि रुंद कोनाच्या लेन्सने काढलेल्या चित्रात आभाळाच्या मध्यावर एक गडद डाग पाडून ठेवतो. पानांवर आणि ओल्या दगडांवर त्याचे काम पुष्कळ अधिक सभ्य असते. त्यासाठी एक ते दोन स्टॉप प्रकाश गमवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेवढा शटरचा वेग कमी करावा लागतो, आणि वाऱ्यावर हलणाऱ्या पात्यांमुळे आयएसओही (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) वाढवावा लागतो. तो खर्च मी आनंदाने करते.

मात्र कडी शेवटपर्यंत फिरवण्याचा मोह टाळावा. काळ्या कातळावरून ओघळणाऱ्या पाण्याची सगळी चमक काढून टाकली तर कातळ कोरडा आणि निर्जीव दिसतो. ओलेपणा आपल्याला त्या चमकेवरूनच कळत असतो. मी कातळाकडे पाहत कडी थोडी मागे आणते आणि पानांवर थोडे पांढरे राहू देते. आणि समोर इंद्रधनुष्य असेल तर विशेष सावध राहावे, कारण त्याचा प्रकाशही ध्रुवीभूत असतो: कडी एका बाजूला फिरवली तर कमानीचा एक भाग चक्क नाहीसा होतो आणि दुसऱ्या बाजूला फिरवली तर तोच उजळून येतो.

प्रकाशाच्या रंगाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे, कारण तिथे आपले डोळे आपल्याला सतत सांभाळून घेत असतात. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. दुपारचे ऊन साधारण 5500 केल्विन मानले जाते, ढगाळ दिवशी हा आकडा 6500 च्या आसपास जातो, आणि निरभ्र दिवशी सावलीत फक्त निळ्या आभाळाचा प्रकाश पोहोचत असल्याने तो 7500 किंवा त्याहूनही वर चढतो. एवढा फरक पडूनही पांढरा सदरा आपल्याला सगळीकडे पांढराच दिसतो, कारण मेंदू आपोआप जुळवून घेतो. कॅमेऱ्यातला ऑटो व्हाइट बॅलन्स याच जुळवून घेण्याची नक्कल करतो, आणि उघड्यावर ती नक्कल बरेचदा नको तिथे लागू होते. सकाळच्या पहिल्या उन्हात गवताच्या शेंड्यांवर जी सोनेरी झाक असते, तिला दोष समजून तो पुसून टाकतो. देवराईत तर याचे फार ठळक उदाहरण मिळते. दाट छतातून गाळून आलेला प्रकाश तिथे खरोखरच हिरवट असतो; झाडांच्या बुंध्यांवर, जमिनीवरच्या पाचोळ्यावर, माणसांच्या चेहऱ्यांवरही तो उतरलेला असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स त्याची भरपाई म्हणून किरमिजी मिसळतो, परिणामी बुंधे गुलाबीसर होतात, पाने मळकट दिसतात आणि आत शिरल्यावर अंगावर जो गारवा येतो त्याची खूण चित्रात कुठेच राहत नाही. म्हणून मी व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर कायम ठेवते. दिवसभरात प्रकाशाचा रंग जसा बदलत गेला तसा तो त्यामुळे फाइलींमध्ये उतरतो आणि नंतर काय राखायचे, काय कमी करायचे हे मला ठरवता येते.

संध्याकाळच्या बाबतीत ‘नैसर्गिक’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला अजूनही पूर्ण सुटलेला वाटत नाही. अंधार पडू लागला की डोळ्यांची लाल रंगाबद्दलची संवेदनशीलता आधी घटते आणि निळसर हिरवे रंग तुलनेने उजळ वाटू लागतात. यान पुर्किने या चेक शास्त्रज्ञाने 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात पहाटेच्या फुलांकडे पाहून हे नोंदवले, आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. फाल्गुनात संधिप्रकाशात पळसाखाली उभे राहून हे कोणालाही पाहता येते: तासाभरापूर्वी पेटलेली वाटणारी फुले काळपट होत जातात. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र असे काही होत नाही. ट्रायपॉडवर ठेवून त्याला पुरेसा वेळ दिला की तो अंधारातूनही तोच केशरी लाल रंग काढून आणतो, जो त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या कोणालाही दिसत नव्हता. तो खोटा म्हणता येत नाही, आणि पाहिलेलाही म्हणता येत नाही. अशा चित्रात मी लाल रंगाची उजळता बरीच खाली आणते आणि आभाळाचा निळा तसाच ठेवते. हा निर्णय माझा आहे, पण तो डोळ्यांच्या बाजूने घेतलेला आहे.

एक्स्पोजरच्या बाबतीत एवढेच सांगायचे आहे की पिवळी आणि लाल फुले कॅमेऱ्याच्या एकत्रित हिस्टोग्रॅमवर (चित्रातल्या गडद-उजळ बिंदूंच्या आलेखावर) विश्वास ठेवून काढू नयेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, ज्याचा समावेश 2012 मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत झाला, सप्टेंबरमध्ये सोनकी फुलते तेव्हा सबंध सडा, म्हणजे कातळाचे पठार, पिवळा होतो. पिवळा रंग सेन्सरवर लाल आणि हिरव्या या दोन वाहिन्यांतून तयार होतो, निळी वाहिनी जवळजवळ रिकामी असते. तिन्हींची सरासरी दाखवणारा आलेख त्यामुळे सुरक्षित दिसत राहतो आणि तेवढ्यात लाल वाहिनी भरून ओसंडलेली असते. अशा फुलाच्या पाकळीवर ना शिरा दिसतात ना घडी, नुसता एक सपाट पिवळा ठिपका उरतो. आणि सपाटपणा आला की रंग कितीही भडक असला तरी तो समृद्ध वाटत नाही. तिन्ही वाहिन्यांचे आलेख स्वतंत्रपणे लावून, लाल आलेख उजव्या कडेला टेकणार नाही इतके एक्स्पोजर खाली आणले की शिरा परत दिसू लागतात. फुले थोडी गडद येतात, पण 14 बिटांच्या रॉ (सेन्सरच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये प्रत्येक वाहिनीला 16,384 पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये त्या फक्त 256 असतात. त्यामुळे गडद भाग नंतर उचलायला रॉमध्ये पुष्कळ वाव राहतो. त्याच सड्यावरच्या सीतेच्या आसवांचा प्रश्न वेगळा आहे. त्या फुलांचा जांभळा कॅमेऱ्यात बरेचदा निळ्याकडे सरकतो, आणि तो परत आणण्यासाठी फुलाचा रंग डोळ्यांनी लक्षात ठेवण्यावाचून दुसरा भरवशाचा उपाय मला सापडलेला नाही.

आता एडिटिंगकडे येते. मुळशीच्या बाजूचे एक छायाचित्र आत्ता माझ्यासमोर उघडे आहे. पुढे भाताची खाचरे, मध्ये निळ्या प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून लावणी करणाऱ्या बायका, मागे धुक्यात अर्धा झाकलेला डोंगर. याचे सॅच्युरेशन वाढवले तर सर्वांत आधी त्या निळ्या खोळी ओरडू लागतात, कारण चित्रातला सर्वाधिक शुद्ध रंग तोच आहे. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त आणि आधीच गडद असलेल्यांना कमी वाढवतो, त्यामुळे खोळी जागेवर राहतात, पण मागचे करडे धुके निळे पडते. दोन्ही स्लायडर मी शून्यावरच ठेवले आहेत. आधी व्हाइट बॅलन्स ठरवला. खाचराच्या बांधावरचा ओला चिखल तपकिरी दिसेपर्यंत, कारण पावसाळी प्रकाशात तो जांभळट होण्याकडे झुकतो. मग काळ्याची पातळी पाहिली. हवेतल्या बाष्पामुळे चित्रात खरा काळा कुठेच नव्हता, सर्वांत गडद जागाही करडीच होती, आणि रंग फिके वाटण्याचे अर्धे कारण तेच होते. पुढच्या खाचरांवर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, काळे खाली आणले, वक्ररेषेने (कर्व्ह्जने) मधल्या छटांना थोडा उठाव दिला, आणि एवढ्यानेच हिरवा दुप्पट समृद्ध दिसू लागला. आरजीबी (लाल, हिरवा, निळा) वक्ररेषेने छटांमधला भेद वाढवला की तिन्ही वाहिन्यांतले अंतरही वाढते आणि रंगाची शुद्धता आपोआप वर जाते. रंगाला स्वतंत्रपणे हात लावावा लागत नाही.

हे सगळे फक्त पुढच्या भागात केले, आणि यात तडजोड करू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मागच्या डोंगराचे धुके काढण्यासाठी ‘डीहेझ’ चालवले असते तर डोंगर पुढे सरकून खाचरांना येऊन चिकटला असता. दूरचे डोंगर फिके आणि निळसर दिसतात, कारण मधल्या हवेत निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरला जातो आणि तो विखुरलेला प्रकाश डोंगराच्या रंगावर येऊन बसतो. म्हणजे तो एका अर्थाने थरच आहे, पण अंतर आपल्याला त्याच थरावरून कळते. पानावरची चकाकी काढावी आणि डोंगरावरचे धुके राखावे. कोणता थर कशाची माहिती देतो हे पाहूनच प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

हिरव्याचे शेवटचे काम राहिले होते. आपल्या सेन्सरवर हिरव्याला जागेची कमतरता नसते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांनी योजलेल्या आणि 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या मांडणीत निम्मे बिंदू हिरव्याचे असतात, लाल आणि निळ्याला प्रत्येकी पाव वाटा मिळतो. अडचण पुढे, त्या आकड्यांना रंगाचे रूप देताना येते. प्रत्येक कॅमेऱ्याचे आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचे ठरीव प्रोफाइल हिरव्याला कुठेतरी ढकलते, बहुधा पिवळ्याकडे. त्यात आपली आवडही निरागस राहिलेली नाही. 1990 मध्ये आलेल्या फुजीच्या वेल्विया फिल्मने निसर्गचित्रणात गडद, रसरशीत हिरव्याची जी सवय लावली ती डिजिटल प्रोफाइलांतून आजही चालू आहे, आणि शिवाय गवत, आभाळ यांसारख्या परिचित गोष्टींचे रंग माणसाला आठवतात तेच मुळी प्रत्यक्षाहून थोडे अधिक गडद. तेव्हा नुसत्या आठवणीवर विसंबून हिरवा ठरवला तर तो दर वेळी थोडा थोडा वाढतच जातो.

यावर मला उपयोगी पडलेली वस्तू छायाचित्रणाच्या दुकानातली नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी प्रचारात आणलेली प्लॅस्टिकची एक पट्टी असते, तिला लीफ कलर चार्ट म्हणतात. तिच्यावर पिवळट हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत चार छटांचे चौकोन असतात. भाताचे वरचे, पूर्ण उघडलेले पान त्यावर ठेवून छटा जुळवायची आणि त्यावरून पिकाला नत्राची गरज आहे का हे ओळखायचे. ही जुळणी उन्हात करायची नसते; पानावर स्वतःच्या अंगाची सावली पाडून करायची असते, कारण थेट उन्हात रंग चुकीचा वाचला जातो, आणि शक्यतो दर वेळी एकाच माणसाने, एकाच वेळेला करायची असते. ही सूचना प्रथम वाचली तेव्हा मला वाटले की रंगाविषयी इतके नेमके बोलणारे दुसरे काही मी बऱ्याच दिवसांत वाचलेले नाही. भाताच्या दोन हिरव्या छटांमधला फरक म्हणजे युरियाच्या एका हप्त्याचा निर्णय आहे. सॅच्युरेशनने आपण जो फरक सहज पुसतो, त्याच्यावर कोणाचे तरी पीक उभे असते.

तेव्हापासून ती पट्टी माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असते. खाचराचे चित्र काढून झाले की त्याच प्रकाशात एक पान पट्टीवर धरून एक जादा फ्रेम घेते, आणि प्रत्यक्षात ते पान कोणत्या दोन चौकोनांच्या मध्ये बसते ते वहीत टिपून ठेवते. एडिटिंगमध्ये हिरव्याचा वर्ण सरकवताना ती फ्रेमही सोबत बदलत जाते. पान पडद्यावरही त्याच दोन चौकोनांच्या मध्ये राहिले तर ठीक, नाहीतर हात आवरता घ्यायचा. ही पद्धत प्रयोगशाळेइतकी काटेकोर नाही. पानातला आणि प्लॅस्टिकमधला हिरवा वेगवेगळ्या पदार्थांतून आलेला असतो. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन रंग सेन्सरला वेगळे दिसू शकतात. पण आठवणीपेक्षा ती खात्रीची आहे. मुळशीच्या त्या चित्रात तिच्या आधारे मी हिरवा पिवळ्याकडून अगदी थोडा मागे घेतला आणि त्याची उजळता कमी केली. रंग गडद दिसण्यासाठी शुद्धता वाढवण्यापेक्षा उजळता उतरवणे हा मार्ग मला नेहमीच अधिक नैसर्गिक वाटत आला आहे.

ते चित्र मी नंतर त्या खाचरांच्या मालकांना दाखवले. त्यांनी चित्राबद्दल काहीच म्हटले नाही, डावीकडच्या कोपऱ्यातल्या खाचरावर बोट ठेवून ते म्हणाले, “हे आमच्या भावाचं, ताई. लावणी आठ दिवस उशिरा झाली त्याची, अजून धरलं नाही.” ते खाचर बाकीच्यांपेक्षा नावालाच पिवळे होते. मी स्वतः ते पाहिलेही नव्हते, मात्र ते चित्रात शिल्लक होते आणि ज्याला वाचता येते त्याने ते वाचले. चित्रातला रंग खरा आहे की नाही, याची याहून पक्की कसोटी मला माहीत नाही.

त्यांना त्याची प्रत हवी होती. छापताना मात्र तेवढाच फरक सर्वांत आधी धोक्यात येतो. पडदा स्वतः उजळतो, कागद केवळ परावर्तित करतो, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत पडद्याची उजळता चढवून ठरवलेले चित्र कागदावर हमखास काळवंडून येते. पहिल्या प्रतीत डावीकडचे खाचर शेजारच्यात मिसळून गेले. मग मी पडदा कागदाच्या उजळतेपर्यंत उतरवला, सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर चित्र कसे दिसेल याचा पडद्यावरचा अंदाज) लावून पोपटी छटा शाईच्या आवाक्यात बसतात का ते तपासले, आणि चित्र त्यांच्या घरात ट्यूबलाइटखाली टांगले जाणार हे लक्षात घेऊन मधल्या छटा थोड्या वर आणल्या. चकाकता कागद टाळून मॅट घेतला, कारण भिंतीवरच्या चित्रात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले असते. दुसऱ्या प्रतीत भावाचे खाचर वेगळे ओळखू येत होते. तीच त्यांच्याकडे पोहोचवली.